एपी१-८८ (हॉवरक्राफ्ट)

एपी१-८८ हे किनारी समुद्र, खाड्या, नद्या आणि अन्य अंतर्गत जलमार्ग यांवर वापरण्यासाठी ब्रिटनमध्ये तयार करण्यात आलेले मध्यम आकाराचे प्रवासी हॉवरक्राफ्ट आहे. ब्रिटिश हॉवरक्राफ्ट कॉर्पोरेशन ही निर्माती कंपनी आणि आइल ऑफ वाइट या बेटावरील हॉवरट्रॅव्हल ही प्रवासी वाहतूक कंपनी व तिची भगिनीसंस्था हॉवरवर्क यांच्या सहकार्यातून त्याचा आराखडा सिद्ध झाला. हे यान १९८३ मध्ये प्रवासी सेवेत आले. सुमारे शंभर प्रवासी घेऊन शांत पाण्यावर ते ताशी सुमारे ५० नॉट (९३ किमी) वेगाने जाऊ शकते.

त्यापूर्वीच्या ब्रिटिश हॉवरक्राफ्टची बांधणी विमानासारखी होती आणि ती वायू टरबाइनवर चालत. एपी१-८८ मध्ये जोडकाम केलेला ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि उद्योगधंद्यांत सर्रास वापरली जाणारी हवा-शीतित डिझेल एंजिने बसवण्यात आली. या बदलामुळे यानाची किंमत, इंधनाचा खर्च आणि देखभालीचा भार बराच कमी झाला. हॉवरक्राफ्टची प्रवासी वाहतूक परवडेनाशी होऊन बंद पडत असताना ती निदान काही ठिकाणी टिकून राहिली, याचे मोठे श्रेय या बदलाला दिले जाते.

पार्श्वभूमी

हवेच्या उशीवर तरंगणाऱ्या यानाची कल्पना व्यवहारात आणण्याचे श्रेय ब्रिटिश अभियंते ख्रिस्तोफर कॉकरेल यांना जाते. त्यांच्या संकल्पनेवर सॉन्डर्स-रो कंपनीने बांधलेले एसआर.एन१ हे प्रायोगिक यान ११ जून १९५९ रोजी प्रथम चालवण्यात आले आणि २५ जुलै १९५९ रोजी त्याने इंग्लिश खाडी ओलांडली. ब्लेरिओ यांनी विमानातून हीच खाडी प्रथम ओलांडली, त्या घटनेला त्या दिवशी ५० वर्षे पूर्ण होत होती. आरंभीच्या या यानाला झालर नव्हती, त्यामुळे ते पृष्ठभागापासून फार थोडे वर उचलले जाई आणि लहानशी लाटही त्याला अडसर ठरे. लेटिमर-नीडहॅम यांनी सुचवलेल्या लवचिक झालरीमुळे ही अडचण दूर झाली व हॉवरक्राफ्ट खऱ्या अर्थाने समुद्रावर वापरण्याजोगे झाले.

१९६५ मध्ये एसआर.एन६ हे यान तयार झाले. आरंभी त्यात ३८ प्रवाशांची सोय होती, तर पुढे लांबी वाढवलेल्या आवृत्तीत ५८ प्रवासी बसू शकत. त्याच वर्षी हॉवरट्रॅव्हलने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील साउथसी आणि आइल ऑफ वाइटवरील राइड यांच्या दरम्यान या यानांची सेवा सुरू केली. १९६८ पासून एसआर.एन४ ही प्रचंड याने मोटारगाड्या व प्रवासी घेऊन इंग्लिश खाडी ओलांडू लागली. या काळात हॉवरक्राफ्टच्या भवितव्याविषयी मोठ्या आशा व्यक्त होत होत्या.

या सर्व यानांना वायू टरबाइने बसवलेली असत. टरबाइन वजनाला हलके व शक्तिशाली असते, पण त्याला इंधन फार लागते. शिवाय हॉवरक्राफ्ट स्वतःभोवती सतत खारट तुषारांचा फवारा उडवते. हे तुषार हवेबरोबर टरबाइनमध्ये शिरले, की त्याची पाती गंजतात व झिजतात. १९७३ नंतर खनिज तेलाचे भाव भडकले आणि टरबाइनवर चालणाऱ्या लहान व मध्यम हॉवरक्राफ्टचे गणित बिघडले. पन्नास-साठ प्रवाशांच्या तिकिटांतून इंधन, सुटे भाग आणि विमानाच्या तोडीची देखभाल यांचा खर्च भरून निघणे कठीण होते.

अशा वेळी हॉवरट्रॅव्हलपुढे दोन पर्याय होते: हॉवरक्राफ्ट सोडून साध्या जलद नौकांकडे वळणे, किंवा चालवण्याचा खर्च मुळातच कमी असणारे यान मिळवणे. एपी१-८८ हे दुसऱ्या पर्यायाचे फळ होय. यान प्रत्यक्ष चालवणाऱ्या कंपनीचा आराखड्यात सहभाग असल्यामुळे वेगाचे विक्रम किंवा आकार यांपेक्षा दररोजच्या फेऱ्यांची नियमितता आणि दुरुस्तीची सुलभता यांना त्यात अधिक महत्त्व मिळाले.

रचना

सांगाडा: एसआर.एन६ चा सांगाडा विमानाप्रमाणे पातळ पत्रे रिव्हेटांनी जोडून केलेला होता. असे हजारो सांधे खाऱ्या पाण्यात गंजण्याचा धोका असतो आणि त्यांच्या दुरुस्तीला विशेष कौशल्य लागते. एपी१-८८ चा सांगाडा सागरी उपयोगाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे पत्रे जोडकाम करून, म्हणजेच वेल्डिंगने, बनवलेला असतो. तो काहीसा जड होतो, परंतु साधारण सोयी असलेल्या जहाजबांधणीच्या कारखान्यातही तो तयार करता येतो आणि दुरुस्तही करता येतो.

एंजिने: मूळ प्रवासी आवृत्तीत डॉइट्झ या जर्मन कंपनीची बारा सिलिंडरांची चार हवा-शीतित डिझेल एंजिने असतात. त्यांपैकी दोन एंजिने यान उचलण्यासाठी आणि दोन ते पुढे ढकलण्यासाठी असतात. डिझेल एंजिन टरबाइनपेक्षा बरेच जड असते, म्हणून हलक्या वाहनाला ते चालणार नाही असा पूर्वी समज होता. हवा-शीतित एंजिनांना रेडिएटर, पाण्याच्या नळ्या व पाण्याचा साठा यांची गरज नसल्यामुळे वजनाची काही बचत होते. अशी एंजिने मालमोटारी व बांधकामाची यंत्रे यांत वापरात असल्यामुळे त्यांचे सुटे भाग सहज मिळतात आणि ती हाताळणारे कारागीरही जागोजागी असतात.

पंखे व प्रॉपेलर: उचल देणारी एंजिने केंद्रोत्सारी पंखे फिरवतात. हे पंखे बाहेरची हवा आत ओढून यानाच्या तळाखाली लोटतात. या हवेचा काही भाग पुढच्या बाजूस असलेल्या, दिशा फिरवता येणाऱ्या झोतमुखांकडे वळवलेला असतो. त्या झोतांमुळे धक्क्याजवळ मंद गतीने वळणे आणि वाऱ्यात यानाचे नाक योग्य दिशेला ठेवणे सोपे जाते. मागील बाजूस दोन मोठे प्रॉपेलर असतात व एंजिनाची शक्ती दातेरी पट्ट्यांच्या साहाय्याने त्यांच्यापर्यंत पोहोचवली जाते. प्रॉपेलरभोवती गोल कडे असते. कड्यामुळे रेटा वाढतो, प्रॉपेलर कमी गतीने फिरवता येतो आणि आवाजही कमी होतो. एसआर.एन६ च्या उघड्या प्रॉपेलरचा कर्कश आवाज किनाऱ्यावरील रहिवाशांच्या तक्रारीचा विषय होता, हे लक्षात घेता वस्तीला लागून असलेल्या तळांसाठी ही सुधारणा महत्त्वाची होती.

झालर: यानाच्या कडेने रबराचा लेप दिलेल्या मजबूत कापडाची झालर असते. तिचा वरचा भाग फुगलेल्या नळीसारखा असून खालच्या कडेला बोटांसारखे सुटे खंड एकाला एक लागून असतात. लाट किंवा दगड आला, की तेवढेच खंड मागे दुमडतात आणि बाकीची झालर हवा धरून ठेवते. झिजलेला खंड काढून त्या जागी नवा बसवता येतो. खंडांच्या टोकांची झीज सतत होत असल्यामुळे झालरीची तपासणी हा देखभालीचा नित्याचा भाग असतो.

कार्यपद्धती

पंख्यांनी तळाखाली लोटलेली हवा झालरीत कोंडली जाते आणि तिच्या दाबाने यान उचलले जाते. भारासह सुमारे ४० टन वजनाचे हे यान उचलण्यासाठी फार मोठा दाब लागतो असे वाटण्याचा संभव आहे, परंतु वजन दोनशेहून अधिक चौरस मीटर क्षेत्रावर विभागले जात असल्याने उशीतील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा केवळ शेकडा दोनच्या आसपास अधिक असतो. वाळूवर उभ्या असलेल्या माणसाच्या तळपायाखालचा दाब याच्या कित्येक पट असतो. ज्या चिखलात माणूस गुडघ्याएवढा रुततो, त्यावरून हॉवरक्राफ्ट सहज जाते, याचे कारण हेच आहे.

पाण्यावर यान संथ असताना उशीच्या दाबाने खाली एक उथळ खळगा पडतो. यान चालू लागले, की हा खळगाही सरकतो आणि पुढे लाट उभी राहते. ही लाट ओलांडेपर्यंत पाण्याचा विरोध वाढत जातो. त्यानंतर मात्र यान लाटेच्या पुढे निघते, विरोध घटतो व वेग झपाट्याने वाढतो. भरलेले यान विरुद्ध वाऱ्यातही हा टप्पा पार करू शकेल इतकी शक्ती एंजिनांत असणे आवश्यक असते.

यानाचा पृष्ठभागाशी घट्ट संपर्क नसल्यामुळे त्याला चाकांची पकड नसते आणि जहाजासारखा पाण्यातील सुकाणूचा आधारही नसतो. प्रॉपेलरमागील उभ्या पट्ट्या, प्रॉपेलरच्या पात्यांचा कोन आणि पुढील झोतमुखे यांच्या योगे चालकाला दिशा सांभाळावी लागते. आडव्या वाऱ्यात यान काहीसे तिरके धरूनच चालवावे लागते. ब्रिटनमध्ये १९६८ च्या हॉवरक्राफ्ट कायद्याने या वाहनाला जहाज आणि विमान या दोहोंपासून वेगळे स्थान दिले आहे.

प्रवासी सेवा

साउथसी–राइड: या मार्गाची लांबी सुमारे ७ किमी असून प्रवासाला सुमारे दहा मिनिटे लागतात. राइड येथील किनारा अत्यंत सपाट आहे. ओहोटीच्या वेळी समुद्र दूरवर मागे हटतो आणि विस्तीर्ण पुळण उघडी पडते. नौकांना तेथे लागता यावे म्हणून १८१४ मध्ये बांधलेला धक्का कालांतराने वाढवत सुमारे ६८० मीटर समुद्रात नेण्यात आला. आजही नौकेने येणारा प्रवासी त्या धक्क्याच्या टोकाला उतरतो व तेथून त्याला गावाकडे यावे लागते. हॉवरक्राफ्ट मात्र पुळणीवरून सरळ वर येऊन किनारी रस्त्याला लागून असलेल्या उतारावर थांबते. भरती-ओहोटीचे वेळापत्रक त्याला पाहावे लागत नाही. १९८३ पासून एसआर.एन६ च्या जागी एपी१-८८ याने या मार्गावर आली आणि तीन दशकांहून अधिक काळ चालली. ‘फ्रीडम ९०’ आणि ‘इदुन वायकिंग’ ही या ताफ्यातील परिचित याने होत.

कोपनहेगन–माल्मो: स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स या विमानकंपनीने १९८४ मध्ये डेन्मार्कमधील कोपनहेगन विमानतळ आणि स्वीडनमधील माल्मो शहर यांच्या दरम्यान एपी१-८८ यानांची सेवा सुरू केली. तेव्हा ओरेसुंड सामुद्रधुनीवर पूल नव्हता. माल्मोच्या प्रवाशाच्या दृष्टीने ही सेवा म्हणजे विमानप्रवासाचाच एक टप्पा होता. ‘लिव्ह वायकिंग’, ‘फ्रेया वायकिंग’ अशी नावे असलेली ही याने १९९० च्या दशकात सेवेतून निघाली. २००० मध्ये पूल खुला झाल्यावर अशा सेवेचे प्रयोजनच उरले नाही.

अन्य उपयोग

कॅनडाचे तटरक्षक दल: प्रवासी वाहतुकीखेरीज एपी१-८८ चा सर्वांत महत्त्वाचा उपयोग कॅनडात झाला. ‘वाबान-आकी’ हे यान १९८७ मध्ये क्वेबेक प्रांतात सेंट लॉरेन्स नदीच्या परिसरात रुजू झाले. त्याच्या पुढील भागात प्रवासी कक्षाऐवजी मोकळा डेक ठेवून मार्गदर्शक बोये उचलण्याची सोय करण्यात आली होती. हिवाळ्यात या यानाकडे बर्फ फोडण्याचे काम असे. बर्फाच्या कडेपाशी यान संथपणे आले, की उशीतील हवा बर्फाखाली शिरते व तेथील पाणी बाजूला सारते. खालचा आधार गेल्याने बर्फाचा थर स्वतःच्याच वजनाने तुटतो. अधिक वेगाने गेल्यास यानाबरोबर बर्फाखाली सरकणारी लाट त्याला तडे पाडते. सेंट लॉरेन्सला मिळणाऱ्या उथळ उपनद्यांत बर्फफोडी जहाजे जाऊ शकत नाहीत. तेथे बर्फ अडून पाणी तुंबले, की काठावरील वस्त्यांत पूर येतो. त्यामुळे हे काम केवळ नौकानयनाच्या सोयीचे नसून पूरनिवारणाचेही असते.

१९९८ मध्ये या दलात एपी१-८८/४०० या लांब आवृत्तीची ‘सिपू मुइन’ आणि ‘सियाय’ ही दोन याने दाखल झाली. ‘सियाय’चा तळ पश्चिम किनाऱ्यावर व्हँकूव्हर विमानतळाच्या सी आयलंड या बेटावर ठेवण्यात आला. या बेटालगत फ्रेझर नदीच्या मुखाशी गाळाच्या विस्तीर्ण चिखलपट्ट्या आहेत. तेथे ओहोटीत अडकलेल्या माणसापर्यंत नौका पोहोचू शकत नाही आणि पायी जाणेही धोक्याचे असते. धावपट्टीच्या अलीकडे एखादे विमान कोसळल्यास बचावकार्यासाठी हॉवरक्राफ्ट हेच हुकमी साधन ठरेल, हा विचारही हा तळ ठेवण्यामागे आहे. ओरेसुंडवरील सेवेतून निघालेले ‘लिव्ह वायकिंग’ पुढे ‘पेनाक’ या नावाने याच तळावर बचावकार्यात वापरले गेले.

अलास्का: अमेरिकेच्या अलास्का राज्यात १९९७ मध्ये बेथेल या गावाहून कुस्कोक्विम नदीच्या परिसरातील खेड्यांना टपाल पोहोचवण्यासाठी एपी१-८८ वापरण्यास प्रारंभ झाला. या भागात रस्ते जवळजवळ नाहीत. उन्हाळ्यात नदी वाहती असते, तर हिवाळ्यात ती गोठते. मधल्या काळात अर्धवट गोठलेल्या पात्रातून नौका जात नाही आणि बर्फगाडीही नेता येत नाही. पाणी, बर्फ व चिखल या तिन्हींवरून जाणाऱ्या वाहनाची उपयुक्तता अशा प्रदेशात विशेष असते.

मर्यादा

हॉवरक्राफ्टची मुख्य मर्यादा हवामानाची आहे. झालरीच्या उंचीच्या मानाने लाटा मोठ्या झाल्या, की उशीतील हवा निसटते, धक्के बसतात आणि वेग कमी करावा लागतो. जोराच्या वाऱ्यात दिशा सांभाळणे अवघड होते. पुढची झालर पाण्यात ओढली जाऊन नाक खाली जाण्याचा, तसेच आडव्या हालचालीत यान कलंडण्याचाही धोका असतो. ४ मार्च १९७२ रोजी साउथसीजवळ वादळी हवेत एक एसआर.एन६ उलटले व पाच जणांचा मृत्यू झाला. ब्रिटनमधील प्रवासी हॉवरक्राफ्टचा हा पहिला प्राणघातक अपघात होता. त्यानंतर यानांच्या स्थैर्याचा अधिक काटेकोर अभ्यास झाला. एपी१-८८ हे एसआर.एन६ पेक्षा बरेच रुंद आहे, तरीही वारा व लाटा यांची ठराविक मर्यादा ओलांडल्यावर त्याच्या फेऱ्या स्थगित ठेवाव्या लागतात.

या मर्यादेचा प्रत्यय अलास्कामधील किंग कोव्ह येथे आला. या गावातील रुग्णांना तातडीच्या उपचारांसाठी कोल्ड बे येथील मोठ्या धावपट्टीपर्यंत नेणे अत्यावश्यक असते. वन्यजीव आश्रयक्षेत्रातून रस्ता काढण्यास विरोध झाल्यामुळे अमेरिकी काँग्रेसने १९९८ मध्ये रस्त्याऐवजी पर्यायी सोयींसाठी ३ कोटी ७५ लाख डॉलरची तरतूद केली. त्यातून एपी१-८८ चे उत्तराधिकारी असलेले बीएचटी१३० जातीचे ‘सुना-एक्स’ हे हॉवरक्राफ्ट घेण्यात आले. २००७ मध्ये सुरू झालेल्या या सेवेने अनेक रुग्णांना वेळेवर पोहोचवले. परंतु तेथील वारे व लाटा यांमुळे फेऱ्या वारंवार रद्द होत आणि मोजक्या प्रवाशांसाठी चालवण्याचा खर्च स्थानिक प्रशासनाला झेपेना. २०१० मध्ये ही सेवा थांबली. आश्रयस्थित सोलेंट सामुद्रधुनीत यशस्वी ठरलेले वाहन उघड्या समुद्राच्या प्रदेशात तितकेच भरवशाचे ठरेल असे नाही, हे या उदाहरणावरून दिसून येते.

डिझेल एंजिनांमुळे खर्च घटला असला, तरी तेवढेच प्रवासी नेणाऱ्या साध्या नौकेच्या तुलनेत हॉवरक्राफ्टचा खर्च जास्तच असतो. यान उचलण्यासाठी सतत शक्ती खर्च होते आणि झालर झिजत राहते. जेथे बारमाही खोल पाणी व चांगला धक्का उपलब्ध आहे, तेथे दोन सांगाड्यांची जलद नौका अधिक किफायतशीर ठरते. इंग्लिश खाडीवरील एसआर.एन४ यानांची सेवा २००० मध्ये बंद झाली, त्यामागेही वाढता खर्च, जलद नौका आणि खाडीखालील बोगदा यांची स्पर्धा हीच कारणे होती.

उत्तराधिकारी याने

एपी१-८८ च्या अनुभवावरून हॉवरवर्कने १३० प्रवाशांचे बीएचटी१३० हे यान तयार केले. ‘सोलेंट एक्स्प्रेस’ या नावाने ते २००७ मध्ये साउथसी–राइड मार्गावर आले. २००८ मध्ये ग्रिफॉन ही हॉवरक्राफ्ट बांधणारी कंपनी हॉवरवर्कच्या मालक समूहाने विकत घेतली व दोहोंच्या एकत्रीकरणातून ग्रिफॉन हॉवरवर्क ही कंपनी झाली. २०१६ मध्ये तिची १२०००टीडी जातीची ‘सोलेंट फ्लायर’ आणि ‘आयलंड फ्लायर’ ही दोन याने राइडच्या मार्गावर दाखल झाली व एपी१-८८ यानांनी तेथील नियमित सेवेतून निवृत्ती घेतली. जपानमधील ओइता शहर व त्याचा विमानतळ यांच्या दरम्यानची हॉवरक्राफ्ट सेवा २००९ मध्ये बंद पडली होती. तीही याच १२०००टीडी जातीच्या यानांनी २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली.

भारतातील हॉवरक्राफ्ट

मुंबई आणि नवी मुंबई यांच्या दरम्यान १९९० च्या दशकात हॉवरक्राफ्टची प्रवासी सेवा काही काळ चालली, पण ती टिकू शकली नाही. भारतात या वाहनाचा मुख्य वापर भारतीय तटरक्षक दल करते. या दलाची ग्रिफॉन ८०००टीडी जातीची पहिली सहा याने कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्स अँड इंजिनिअर्स या सरकारी कंपनीच्या सहभागाने तयार झाली. कच्छच्या खाड्या, पाल्कच्या सामुद्रधुनीतील उथळ पाणी आणि गंगेच्या मुखाजवळील गाळाचा प्रदेश येथे गस्त व बचावकार्य यांसाठी अशी याने उपयोगी पडतात. २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने तटरक्षक दलासाठी सहा हॉवरक्राफ्ट बांधण्याचा करार चौगुले आणि कंपनीशी केला. ग्रिफॉन हॉवरवर्कच्या आराखड्यावर आधारित या यानांची बांधणी कंपनीच्या गोव्यातील कारखान्यात २०२५ मध्ये सुरू झाली.

तांत्रिक तपशील (एपी१-८८/१००)

- लांबी: सुमारे २४.५ मीटर
- रुंदी: सुमारे ११ मीटर
- भारासह वजन: सुमारे ४० टन
- प्रवासी: कमाल १०१
- एंजिने: डॉइट्झ हवा-शीतित डिझेल, ४ (उचलीसाठी २, गतीसाठी २)
- प्रॉपेलर: कड्यात बसवलेले, २
- कमाल वेग: शांत पाण्यावर सुमारे ५० नॉट